चादरीचं पलीकडचं टोक

मी थापा मारते. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तरुणपणी मी वाघाच्या शेपटीला गाठ मारली होती, असं मी नातवंडांना सांगितलंय. धाकट्या नातीने ते शाळेत जाऊन सांगितलं आणि बाईंची बोलणी खाल्ली. त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

पण आज सांगणार आहे ती थाप नाही.

हवं तर खूण सांगते. थाप मारताना मी समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलते. ही गोष्ट सांगताना मला कुणाच्याही डोळ्यात बघता येत नाही.

आणि भुताची गोष्ट म्हटली की तुम्हाला रात्र लागते. अंधार लागतो. इथे तसलं काही नाही. थंडीचे दिवस होते, दुपारची पाळी होती. छताचे सगळे दिवे चालू होते. कोपऱ्यात रेडिओवर कुणीतरी शेतीच्या खतांबद्दल बोलत होतं.

आणि तरीही...

थांबा. आधी तिच्याबद्दल सांगते.

मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला होते. लॉन्ड्री तळघरात. एका बाजूला धुण्याची मोठाली मशिनं, मधे वाळवायची, आणि शेवटच्या खोलीत आम्ही. आमचं काम घड्या घालायचं. वरच्या सगळ्या वॉर्डांतल्या चादरी आमच्या हातातून जायच्या.

चादरीची घडी हे दोघींचं काम आहे. समोरासमोर उभं राहायचं. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. एकदा झटकायची. फट्... सुरकुत्या जातात. मग आडवी दुमडायची. मग एकीने चालत यायचं आणि आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची.

सोपं वाटतं ना? करून बघा घरी.

दोघी उजव्या हाताच्या असल्या की हमखास चादरीला पीळ पडतो. कारण समोरासमोर उभं राहिलं की हिचा उजवा हात म्हणजे तिच्या डाव्या हाताची बाजू. दोघी सवयीने उजवं टोक उचलतात आणि चादरीची दोरी होते. लॉन्ड्रीतल्या सगळ्या जोड्या यावरून रोज भांडायच्या.

आमच्या चादरीला कधी पीळ पडला नाही.

कारण ती डावखुरी होती.

सगळे तिला खटपटी म्हणायचे. तिचं खरं नाव मुकादमालाही पटकन आठवायचं नाही. ढकलगाडीचं चाक निखळलं, खटपटीने तुटक्या चपलेचा तुकडा कापून बसवलं. मशिनचं दार लागेना, खटपटीने केसातली पिन काढून वाकवली. दुरुस्तीवाला आला तेव्हा ती पिन बघून म्हणाला, "हे कुणी केलंय? राहू दे असंच." आणि चहा पिऊन गेला.

फाटक्या उशांच्या खोळींचे ती ससे शिवायची. लहान मुलांच्या वॉर्डात इंजेक्शन द्यायच्या आधी सिस्टर खाली फोन करायच्या, "एक ससा पाठवा."

मी म्हणायचे, "अगं, त्याला ससा कोण म्हणेल? गाढव दिसतंय ते."

"मग तुझ्यावर गेलंय," ती म्हणायची.

घडी घालताना चालत यायचं काम नेहमी तिचं. तिला एका जागी उभं राहवायचंच नाही. "राणीसरकार, आपण उभ्या राहा. मी येते." असं म्हणून ती हसत यायची, टोकं माझ्या हातात द्यायची, परत जायची. दिवसभर.

चादर उंच धरली की समोरचीचं तोंड दिसत नाही. वरच्या कडेला बोटं दिसतात आणि खालच्या कडेखाली पाय. इतकी वर्षं मी तिच्याकडे जास्त करून असंच पाहिलं. बोटं आणि पाय. आणि पलीकडून येणारा आवाज.

मी थापा मारायचे आणि ती पलीकडून हसायची. वाघाची थाप पहिल्यांदा तिलाच मारली होती. ती म्हणाली, "गाठ सुटली की नाही नंतर? बिचारा."

त्या हिवाळ्यात तिला खोकला लागला.

आधी तिने हसण्यावारी नेलं. मग चालत येताना मधेच थांबायला लागली. चादरीच्या पलीकडून श्वास ऐकू यायचा... किटलीचं झाकण थरथरतं तसा. मी म्हणायचे, "आज मी येते चालत, तू उभी राहा." ती ऐकायची नाही.

एक दिवस ती टोकं माझ्या हातात देऊन खालीच बसली. तिला ढकलगाडीत बसवून वर नेलं. तिनेच बसवलेलं ते चाक. ते मात्र कुरकुरलं नाही.

वरच्या वॉर्डात मी रोज पाळी संपली की जायचे. छातीत पाणी झालंय म्हणाले. ती पांढरीफटक पडली होती, पण खाटेचं हलणारं हॅंडल तिने चमच्याने घट्ट करून ठेवलं होतं.

"एकटीने मोठ्या चादरी ओढत बसू नकोस," ती म्हणाली. "खांदा जाईल. मी येतेच आहे."

"मला घाई नाही," मी म्हटलं. "तू नसलीस की काम चुकवायला बरं पडतं."

ती हसली. हसताना तिला दम लागला.

दुसऱ्या दिवशी ती गेली. दुपारी. मी खाली घड्या घालत होते.

मला पाळी संपल्यावर कळलं. वर गेले तेव्हा तिच्या अंगावर चादर होती, तोंडापर्यंत. आमच्याच हातची. मधली घडीची रेघ अजून मोडली नव्हती. त्या रेघेकडे बघत मी किती वेळ उभी होते, मला सांगता येणार नाही.

मुकादम वाईट माणूस नव्हता. चार दिवस काही बोलला नाही. मग आला.

"बाई, स्वयंपाकघरातून एक जण येतेय. तुमच्या जोडीला देतो."

"नको."

"नको म्हणजे? चादरी काय हवेत दुमडणार?"

"मी एकटी करते."

"वर चादरी कमी पडल्या तर मला ऐकून घ्यावं लागतं," तो म्हणाला. "आठवडाभर बघतो. जमलं नाही तर तुम्हाला मळक्या कपड्यांच्या निवडीला टाकेन. मग तिथे बसा एकट्या."

मळके कपडे निवडायचं काम कुणालाच नको असायचं. पण मी हो म्हटलं. मला पलीकडच्या कडेला दुसऱ्या कुणाची बोटं बघायची नव्हती. एवढंच. याला तुम्ही हट्ट म्हणा.

भिंतीला दोन खुंट्या होत्या. चादरीची दोन टोकं तिथे अडकवायची आणि दोन आपण धरायची, असं मी सुरू केलं. लहान चादरी जमल्या. मोठ्यांचं जमेना. खालची कड जमिनीला लागायची, मळायची, परत धुवायला जायची. ढीग वाढत चालला. खांदा ठणकायला लागला.

मग ती दुपार आली.

मी मोठी चादर खुंट्यांना अडकवली. मागे आले. माझी टोकं वर उचलली. चादर माझ्यासमोर भिंतीसारखी उभी राहिली. पलीकडचं काही दिसेना.

रेडिओवर खतांचं चाललं होतं.

आणि...

फट्.

चादर झटकली गेली.

मी नव्हती झटकली.

खुंटी चादर झटकत नाही.

 मला वाटलं, वारा. तळघरात वारा कुठला? मला वाटलं, मुकादम चेष्टा करतोय. मुकादमाने आयुष्यात चेष्टा केली नव्हती.

हळूच मान वाकवून चादरीच्या खालच्या कडेखाली पाहिलं. पलीकडे पाय दिसायला हवे होते.

फरशी दिसली. नुसती ओली फरशी.

आणि चादर ताणलेली. अगदी बरोबर ताणलेली. जास्त नाही, कमी नाही.

माझे हात सवयीने चालले. उजवं टोक उचलून डाव्यावर ठेवलं. त्याच क्षणी पलीकडचं टोकही उचललं गेलं... त्याच बाजूचं. पीळ पडला नाही.

मग चादर माझ्याकडे यायला लागली.

पावलांचा आवाज नाही. नुसती चादर जवळ येतेय, मधे झोळ पडतोय, आणि टोकं वर वर येतायत. माझ्या हातांपाशी येऊन ती थांबली.

मी डोळे मिटले.

माझ्या बोटांना बोटं लागली. खरखरीत. ससे शिवून सुया टोचलेली.

डोळे उघडले तेव्हा चादर माझ्या हातात दुमडलेली होती आणि समोर कुणी नव्हतं. खुंट्या रिकाम्या.

तुम्ही म्हणाल, पळाली असेल. नाही पळाले.

मी दुसरी चादर उचलली.

संध्याकाळी मुकादम आला. ढिगाकडे बघितलं. वरची चादर उचलून खालची कड तपासली. स्वच्छ. दुसरी पाहिली. ती पण.

"कोण होतं बरोबर?"

"कोण असणार?"

त्याने तिसरी चादर उचलली नाही. माझ्याकडे बघितलं, मग खुंट्यांकडे. "चांगलं झालंय काम," असं म्हणाला आणि जाताना दार उघडंच टाकून गेला. तो माणूस दार लावल्याशिवाय कधी जायचा नाही.

त्यानंतर रोज.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. भीती पहिल्या दिवशीच काय ती. मग मी बोलायलाही लागले. वॉर्डातल्या बातम्या, दुरुस्तीवाल्याने तिची चौकशी केली ते, थापा. पलीकडून उत्तर यायचं नाही. पण थाप रंगली की चादर किंचित थरथरायची... हसताना हात हलतात तशी.

आमचे हे बस चालवायचे. एका रात्री जेवताना म्हणाले, "मैत्रीण गेली म्हणून रडत होतीस. आता गुणगुणत येतेस. काय भानगड आहे?"

मी सगळं सांगितलं. यांनी ऐकून घेतलं. माझ्या थापा ऐकायची सवय होती यांना.

पण मी सगळं नव्हतं सांगितलं.

दोन-तीन दिवसांपासून चादर पलीकडून सावकाश यायला लागली होती. मधेच थांबायची. दुमडलेली टोकं माझ्या हातात आली की ओलसर लागायची, तळहाताच्या घामाने भिजल्यासारखी. आणि त्या दिवशी, मशिनं बंद पडून खोली शांत झाली तेव्हा... मला ते ऐकू आलं.

किटलीच्या झाकणासारखं. चादरीच्या अगदी मागे.

तिला दम लागला होता.

तेवढं मी यांना शेवटी सांगितलं.

हे घास तोंडात घेऊन म्हणाले, "मग तिला आजारपणाची रजा दे की. मेली म्हणून काय झालं?"

विनोद केला होता यांनी. मला हसू आलं नाही. ताटावरून उठले आणि मोरीत जाऊन उभी राहिले.

मला वाटलं होतं, मेलं की सुटतं सगळं. खोकला सुटतो, दम सुटतो. ती जशी गेली तशीच परत आली होती. तशीच आजारी. "मी येतेच आहे," म्हणाली होती आणि आली. आणि मी आजारी बाईला रोज चालवत होते, का, तर मला पलीकडे दुसरी बोटं बघायची नव्हती.

सकाळीच जाऊन मुकादमाला सांगितलं, "त्या स्वयंपाकघरातल्या बाईंना पाठवा. उद्यापासून."

तो म्हणाला, "काम तर छान चाललंय तुमचं."

"पाठवा म्हणते ना."



त्या दुपारी मी एकच मोठी चादर बाजूला काढली. बाकी सगळं आधी आटपलं. रेडिओ बंद केला.

चादर उचलली. झटकली गेली. पण आज हलकीच. फट् सुद्धा नीट झालं नाही. आडवी दुमडली. आणि मग पलीकडून चादर निघाली... थांबली... परत निघाली.

"थांब," मी म्हटलं. "तिथेच उभी राहा."

चादर थांबली.

"इतकी वर्षं राणीसरकार केलंस. आज मी येते."

मी चालायला लागले. चादर माझ्यापुढे धरून. एक एक पाऊल टाकत. तेवढीशी ती खोली, पण मला ती संपेना. चादरीमागचा श्वास मोठा मोठा होत गेला. मला त्याची ऊब चादरीतून हाताला लागत होती.

तिच्यापाशी पोचले. बोटांना बोटं लागली.

"उद्या नवीन बाई येतेय," मी म्हटलं. "वेंधळी आहे असं ऐकलंय. भांडी फोडते म्हणे. पण चालवून घेईन. तू आता बस बाई कुठेतरी. दे ती टोकं."

तिने दिली नाहीत.

घट्ट धरून ठेवली. मीही ओढली नाहीत. दोघी तशाच. मधे चादर.

मग मी तिला एक थाप मारली. मोठी. म्हटलं, "मला काही वाटणार नाही तू गेलीस तर. सवय होते माणसाला."

चादर थरथरली.

हसली की काय, मला कळलं नाही. आणि एकदम चारही टोकं माझ्या हातात आली. जड. पलीकडे भिंत होती, दोन खुंट्या होत्या, श्वास नव्हता.

कितीतरी वेळ मी ती चादर छातीशी धरून उभी होते. मग ढिगावर ठेवली. काम होतं ते.

दुसऱ्या दिवशी नवीन बाई आली. धिप्पाड, गोड बोलणारी. पहिल्याच चादरीला पीळ पडला. दुसरीच्या वेळी आम्ही दोघी एकदम चालत निघालो आणि कपाळाला कपाळ आपटलं.

मी रडायला लागले.

ती घाबरली. "ताई, फार लागलं का हो?"

"हो," मी म्हटलं. "फार लागलं."

तिने एप्रनच्या टोकाने माझे डोळे पुसले. तिच्या हाताला कांद्याचा वास येत होता, त्याने आणखीच पाणी आलं. मग आम्ही दोघी हसलो. पुढे तिची माझी चांगली जोडी जमली. मी डाव्या हाताने उचलायला शिकले.

इथे गोष्ट संपली असती तर मी सुखाने झोपले असते.

पण थंडी संपता संपता वरच्या वॉर्डातल्या सिस्टर खाली आल्या. चिडलेल्या.

"दुपारी तुम्ही वर कुणाला पाठवता?"

"कुणालाच नाही," मी म्हटलं.

"खोटं सांगू नका. चार पेशंटनी सांगितलं. दुपारी सगळे झोपले की एक बाई येते. ज्याच्याजवळ बसायला कुणी नसतं ना, त्याची चादर सारखी करते, पाय झाकते. बोलत नाही काही."  मग आवाज उतरवून म्हणाल्या, "चांगलं काम करते, मी नाही म्हणत नाही. पण तिला खोकला आहे हो. सगळे सांगतात, तिला फार दम लागतो. अशी बाई पेशंटजवळ पाठवू नका. तिला आधी औषध द्या."

नवीन बाई माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "सांगते तिला."

कुणाला सांगणार होते?

मी वर जाऊन बसले. एक दुपार, दुसरी दुपार. मला काही दिसलं नाही. माझ्याजवळ बसायला माणसं होती, म्हणून असेल.

खूप वर्षं झाली. हे गेले. ते हॉस्पिटल पाडून नवीन बांधलं, त्यात लॉन्ड्रीच नाही म्हणतात, कपडे बाहेर जातात. मी मुलाबरोबर दुसऱ्या गावी राहायला आले.

गेल्या वर्षी माझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. इथल्याच एका हॉस्पिटलात. तिला हे गावसुद्धा माहीत नव्हतं.

दुपारची वेळ. सून डबा आणायला घरी गेली होती. नात शाळेत. खोलीत मी एकटी. डोळे मिटून पडले होते. गुंगी नव्हती, सांगून ठेवते. खाली रस्त्यावर भाजीवाल्याशी कुणीतरी भांडत होतं, तेही ऐकू येत होतं.

माझ्या पायांवरची चादर सरकली होती. गार लागत होतं. हात पोचत नव्हता.

आणि...

चादर वर आली. हळूच. पाय झाकले गेले. मग कुणीतरी ती गळ्यापर्यंत आणली आणि कडेने नीट खोचली.

खाटेच्या डाव्या अंगाला, अगदी कानाशी, श्वास होता.

थरथरता. अडकणारा. तसाच.

मी डोळे उघडले नाहीत.

नात म्हणते, "आजी, एवढी घाबरलीस? वाघाच्या शेपटीला गाठ मारणारी तू."

घाबरले नव्हते गं. डोळे उघडले असते, तर मला विचारावं लागलं असतं, "अगं, अजून तुझा दम कमी नाही झाला का?"

आणि ती काय म्हणाली असती, ते मला ऐकायचं नव्हतं.